क्रूझवरून उतरल्यावर जहाजाची टूर घ्यावी की आपलं आपण फिरावं? वर्षभरानंतरचा अनुभव

आधी आम्ही कोण ते सांगते, कारण निम्मं उत्तर तिथेच आहे. मी, नवरा, कॉलेजात जाणारा मुलगा आणि सत्तरी ओलांडलेल्या, गुडघ्यांची तक्रार असलेल्या सासूबाई. चौघांत तिघं शाकाहारी, चौघांचेही पासपोर्ट भारतीय. सुरुवात मुंबई-गोवा क्रूझने झाली, मग सिंगापूरहून मलेशिया, आणि उन्हाळ्यात इटली-ग्रीस-तुर्कस्तान. बुकिंग झाल्या दिवसापासून जहाजाच्या ॲपची एकच भुणभुण: शोअर एक्सकर्शन, म्हणजे बंदरात उतरून करायची जहाजाची टूर, घ्या, आत्ताच घ्या, जागा संपत आल्या. काही बंदरांत घेतल्या, काही ठिकाणी आपले आपण भटकलो. आता विचाराल तर ‘आम्ही टूरवाले’ किंवा ‘आम्ही स्वतः फिरणारे’ असा पक्ष घेऊन बसण्यात काही अर्थ नाही. गँगवेपासून, म्हणजे जहाजातून उतरायच्या पुलापासून, पाहायची जागा किती लांब आहे आणि परतीचा रस्ता एकच आहे की चार, एवढं शोधलं की कुठल्या बंदरात पाकीट उघडायचं ते आपोआप ठरतं.

सोपी बंदरं आधी उरकते. मुरगावला उतरून मंगेशीला जायला आपल्याला गाईड कशाला हवा? टॅक्सी ठरवली, दर्शन घेतलं, जेवलो, परत आलो. पेनांग त्याहून सोपं. स्वेटनहॅम पिअरच्या दारातून बाहेर पडलं की जॉर्जटाउन चालत्या अंतरावर. 2008 पासून युनेस्कोच्या यादीत असलेला हा जुना भाग पायीच बघायचा असतो आणि लिटल इंडियात केळीच्या पानावर पोटभर शाकाहारी जेवण मिळतं. जहाजाच्या सिटी टूरमध्ये हेच जॉर्जटाउन बऱ्यापैकी बसच्या काचेतून दिसतं. पोर्ट क्लांग मात्र फसवं आहे. कार्यक्रमपत्रिकेत ‘क्वालालंपूर’ असं छापतात, प्रत्यक्षात शहर तिथून रस्त्याने तासाभराच्या अंतरावर आणि बंदराबाहेर पाय मोकळे करायलाही काही नाही.

हीच गंमत युरोपात मोठ्या प्रमाणावर चालते. पत्रिकेत ‘रोम’ असतं, पण जहाज लागतं चिवितावेकियाला. तिथून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर. ‘फ्लॉरेन्स’ म्हणजे लिव्होर्नो. ज्या शहराच्या नावावर क्रूझ विकली जाते ते शहर बंदरात नसतंच, आणि एक्सकर्शनचा सगळा धंदा या अंतरावर उभा आहे.

रोम आम्ही ट्रेनने केलं. धक्क्यावरून शटल बस, मग शहर बसने स्टेशन, तिथून साधी रीजनल गाडी. एका बाजूचं तिकीट माणशी पाच युरोंच्या आसपास, वेळ तासाभराहून थोडा जास्त. जहाजाची गाईडवाली पूर्ण दिवसाची टूर माणशी दीडशे डॉलरच्या पुढे होती. चौघांचा हिशेब तुम्हीच करा. कागदी तिकीट घेतलं तर गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या मशीनमध्ये ठप्पा मारून घ्यायचा, नाहीतर तिकीट असूनही दंड बसतो. बहुतेक लोक सरळ तेर्मिनी या रोमच्या मुख्य स्टेशनपर्यंत जातात. व्हॅटिकन आधी बघायचं असेल तर रोमा सान पिएत्रोला उतरा. तिथून सेंट पीटर्सचा घुमट समोर दिसतो, दहा-पंधरा मिनिटं चालायचं.

त्या दिवशी सकाळी स्टेशनवरचं दृश्य मात्र आपल्या ठाणे स्टेशनला लाजवणारं होतं. बंदरात तीन जहाजं, सगळ्यांना एकाच सुमाराच्या गाड्या हव्या, तिकीट मशीनपुढे रांगा आणि प्रत्येक मशीनशी एक जण ‘मी मदत करतो’ म्हणत घुटमळणारा. तिकीट आदल्या रात्री फोनवर काढून ठेवलं की ही सगळी कटकट टळते. मुलगा आणि नवरा खूश होते. सासूबाईंना फलाटाचे जिने आणि नंतरची रोममधली दगडी फरसबंदी जड गेली. पुन्हा त्यांच्यासोबत रोमला गेले तर जहाजाचं ‘रोम ऑन युअर ओन’ घेईन. यात गाईड नाही, नुसती बस. सकाळी सोडते, दुपारी ठरलेल्या जागेवरून उचलते. ट्रेनपेक्षा कितीतरी महाग, पण गाईडवाल्या टूरपेक्षा बरीच स्वस्त आणि तरीही जहाजाचीच. हा मधला पर्याय ॲपवर अगदी तळाशी दडवलेला असतो, शोधून काढावा लागतो.

इटलीत स्वतः फिरणाऱ्यांनी संपाची तारीख बघावी. तिथे रेल्वेचे संप आधी जाहीर होतात, आणि कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी 6 ते 9 आणि संध्याकाळी 6 ते 9 या वेळात ठरावीक गाड्या सोडणं बंधनकारक असतं. ऑफिसला जाणाऱ्यांची सोय होते. आपलं जहाज सात वाजता सुटणार असेल तर संध्याकाळच्या त्या गाड्यांचा आपल्याला काय उपयोग?

नेपल्स हे माझं लाडकं बंदर. इथे जहाज शहराच्या पोटात लागतं. गेटमधून बाहेर पडलात की समोर कास्तेल नुओव्हो हा किल्ला आणि शेजारी म्युनिचिपिओ मेट्रो. मेट्रोने गारिबाल्दी, तिथून सोरेंतोकडे जाणारी चिर्कुमव्हेसुव्हियाना ही जुनी लोकल, आणि अर्ध्या-पाऊण तासात पॉम्पेईच्या अवशेषांजवळचं पॉम्पेई स्कावी स्टेशन. लोकल आपल्याकडच्या दुपारच्या कर्जत गाडीसारखीच. खिसा-पाकीट सांभाळा, बाकी काळजी नको. तिकिटं मात्र आधी काढा: नोव्हेंबर 2024 पासून पॉम्पेईत दिवसाला 20 हजार लोकांची मर्यादा आहे आणि तिकिटावर नाव लागतं. ओळखपत्र जवळ ठेवा.

जायचं-यायचं आपलं आपण, पण आत गाईड घ्याच. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गेलेलं ते गाव नुसतं बघितलं तर पडक्या भिंतींचं जंगल आहे. दाराशी परवानाधारक गाईड मिळतात. आणखी दोन कुटुंबं जोडून घेतली तर खर्च वाटला जातो. आमच्या गाईडबाईंनी आम्हाला एका रस्त्याच्या मध्यभागी उभं केलं आणि पायाखाली बघायला लावलं. रस्त्यात ओळीने तीन उंच दगड, या फूटपाथवरून त्या फूटपाथवर जायला. रस्त्यावरून पाणी आणि घाण वाहायची, म्हणून लोक या दगडांवरून पलीकडे जायचे. दगडांच्या मधल्या फटी गाड्यांच्या चाकांसाठी, आणि त्या फटींच्या रेषेत फरसबंदीवर चाकांनी घासून पडलेल्या खोल चाकोऱ्या. मुलाने खाली बसून चाकोरीत हात घातला तर अख्खी बोटं आत गेली. हे आम्हाला एरवी दिसलंच नसतं, आम्ही फोटो काढत त्या दगडांवरून उड्या मारत पुढे गेलो असतो.

तुर्कस्तानातल्या कुशादासीला जहाजाची टूर घेतली. एफेसस या प्राचीन शहराचे अवशेष वीसेक किलोमीटरवर, आणि सासूबाईंसाठी एक मोठा फायदा होता. टूरची बस वरच्या दाराशी सोडते आणि खालच्या दाराशी येऊन उभी राहते, त्यामुळे सगळी चाल उताराची. स्वतः डोल्मुशने, म्हणजे तिथल्या शेअर मिनीबसने गेलात तर ती खालच्या दाराकडच्या फाट्यावर सोडते. मग चढ चढा आणि तोच उतरून परत या. संगमरवरी रस्ता गुळगुळीत झालेला आहे, बुटाला पकड हवी. सेल्ससच्या ग्रंथालयाचा दर्शनी भाग आणि वीस-पंचवीस हजार माणसं मावतील असं नाट्यगृह बघून डोळे निवले. टेरेस हाउसेस, म्हणजे तिथली श्रीमंतांची जुनी घरं, यांचं तिकीट वेगळं आहे, पण आतली भित्तिचित्रं आणि मोझेइकच्या फरशा बघण्यासारख्या आहेत. आमच्या टूरमध्ये ते नव्हतं आणि त्यासाठी थांबायला वेळही दिला नाही.

वेळ कशाला राखून ठेवला होता ते नंतर कळलं. बस गालिच्यांच्या दुकानात नेली. रेशमाचे कोष गरम पाण्यातून काढून तार कशी ओढतात ते दाखवलं, सफरचंदाचा चहा आला, आणि मग चार पोरं येऊन एकामागून एक गालिचे हवेत फिरवून आपल्या पायाशी उलगडायला लागली. प्रात्यक्षिक खरंच बघण्यासारखं होतं. पण दर दोन माणसांमागे एक विक्रेता येऊन बसला आणि दार आतून लोटलेलं. सासूबाईंनी ‘आमच्याकडे फरशी पुसायला सोपी पडते, गालिचे नकोत’ असं शुद्ध मराठीत सुनावलं तेव्हा आमचा विक्रेता हसून उठला. दुकानाचा उल्लेख टूरच्या माहितीत बारीक अक्षरात होता. ‘हस्तकला प्रात्यक्षिक’ असं वाचलंत की तास-दीड तास गेला म्हणून समजा.

सँटोरिनी या ग्रीक बेटाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण इथे जहाजाच्या टूरची हमी नेमकी किती हे उघडं पडतं. मोठं जहाज इथे धक्क्याला लागत नाही, टेंडर, म्हणजे किनाऱ्यापर्यंत ने-आण करणाऱ्या छोट्या बोटींनी जायचं. टूरवाल्यांच्या टेंडर आधी सुटतात आणि आथिनिओस बंदराला लागतात, तिथून बस थेट इया गावाला. बाकीच्यांच्या टेंडर कड्यावरच्या फिरा गावाच्या खाली जुन्या बंदराला. तिथून वर जायला तीन मार्ग: केबल कार, 588 पायऱ्या, किंवा त्याच पायऱ्यांवरून गाढव. गाढवांची अवस्था बघवत नाही, आणि पायऱ्यांवरून चालणाऱ्याला त्यांच्या लिदीतून वाट काढावी लागते. केबल कारने वर जायला काही मिनिटंच लागतात, पण तिथली रांग उन्हात तासाहून लांबते.

सकाळी टूरवाले निःसंशय जिंकतात. पण बहुतेक टूर फिरा गावात संपतात, आणि तिथून खाली उतरणं तुमचं तुम्ही. परतीच्या केबल कारच्या रांगेत टूरचं स्टिकर लावलेले आणि न लावलेले सगळे सारखेच. तेव्हा टूर घेतली तरी शेवटच्या टेंडरच्या दोन तास आधी रांगेला लागा. रांगेतून कॅल्डेराचा, म्हणजे ज्वालामुखीच्या खचलेल्या विवराचा, देखावा दिसतो तेवढंच समाधान. जुलै 2025 पासून ग्रीसने क्रूझ प्रवाशांवर शुल्क लावलंय, सँटोरिनी आणि मिकोनोसला भर हंगामात माणशी 20 युरो. ते तुम्ही कसंही फिरलात तरी लागतंच, बहुधा जहाजाच्या बिलात येतं.

आता पासपोर्टची गोष्ट, जी गोऱ्या प्रवाशांच्या सल्ल्यांत सापडत नाही. जहाज आपल्या टूरच्या बसला उशीर झाला तर थांबतं, किंवा पुढच्या बंदरापर्यंत पोचवायची जबाबदारी घेतं. स्वतः गेलेल्यांसाठी थांबत नाही. जर्मन माणसाचं जहाज चुकलं तर तो शिव्या घालत पुढच्या बंदराचं विमान पकडतो. आपल्याला आधी बघावं लागतं की व्हिसावर किती प्रवेश आहेत. मधे तुर्कस्तान असेल तर शेंगेन मल्टिपल एंट्रीच लागतो, सिंगलवर पुन्हा ग्रीसमध्ये पाय ठेवता येत नाही. शिवाय आपले पासपोर्ट अनेकदा पहिल्याच दिवशी जहाजाच्या रिसेप्शनवर जमा होतात, खिशात फक्त क्रूझ कार्ड उरतं. म्हणून व्हिसा आणि पासपोर्टचा फोटो फोनमध्ये आणि एक कागदी प्रत पिशवीत ठेवतो, जहाजाच्या रोजच्या पत्रकातला पोर्ट एजंटचा, म्हणजे त्या बंदरातल्या जहाजाच्या प्रतिनिधीचा, नंबर लिहून घेतो. आणि मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावतो. इटलीहून ग्रीसला जाताना फोन आपोआप एक तास पुढे सरकतो, जहाज सरकेलच असं नाही. त्या दिवशी वेळ कुठली पाळायची ते पत्रकात छापलेलं असतं. धक्क्यावरून जिवाच्या आकांताने पळत येणारी जोडपी आणि वरच्या डेकवरून टाळ्या वाजवणारी गर्दी हा रोजचा फुकट तमाशा आहे. आम्ही तो वरूनच बघत आलोय, कारण ऑल अबोर्डच्या, म्हणजे जहाजावर परतायच्या शेवटच्या वेळेच्या, दीड तास आधी बंदरात हा घरचा नियम आहे, आणि तो सासूबाई राबवतात.

पैशांबाबत एक बाजू जहाजाच्या टूरची भक्कम आहे. वाऱ्यामुळे बंदर रद्द झालं तर पैसे आपोआप परत येतात. ग्रीस-तुर्कस्तानमधल्या एजियन समुद्रात जुलै-ऑगस्टला मेल्तेमी वारा सुटतो आणि टेंडरची बंदरं रद्द होतात, आमचं मिकोनोस असंच गेलं. जहाजाच्या टूरचे पैसे दुसऱ्या दिवशी खात्यात जमा होते, पण तिथल्या एका स्थानिक टॅक्सीवाल्याला दिलेला ॲडव्हान्स महिनाभर मेल करूनही आला नाही. आता बाहेरचं बुकिंग करताना ‘जहाज आलं नाही तर पूर्ण परतावा’ हे लेखी असल्याशिवाय कार्ड बाहेर काढत नाही.

टूरमधल्या जेवणाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ‘व्हेज’ म्हणजे उकडलेल्या भाज्या आणि पास्ता. नेपल्समध्ये स्वतः फिरताना खाल्लेला मार्गेरिता पिझ्झा त्या सगळ्यांच्या डोक्यावर बसेल.

पुढच्या खेपेला लिव्होर्नो आहे. ॲपवर ‘फ्लॉरेन्स फुल डे’ झळकतंय, छायाचित्रात मायकेलअँजेलोचा डेव्हिड. तारीख बघितली तर सोमवार, आणि सोमवारी उफित्सी आणि डेव्हिड जिथे आहे ते अकादेमिया, दोन्ही संग्रहालयं बंद. माहितीत त्याचा उल्लेख नाही. तेव्हा फ्लॉरेन्स रद्द. ट्रेनने वीस मिनिटांवर पिसा, तिथून अर्ध्या तासावर लुक्का, आणि लुक्काच्या तटबंदीवर भाड्याच्या सायकली. सासूबाईंनी तटावरच्या सावलीतला बाक आत्ताच बुक केलाय.