आठ रविवार, अडीच वाट्या

चाकावरच्या कुंभारकामाचा वर्ग: सहा जण, सहा चाकं, दर रविवारी दोन तास, असे आठ रविवार. एवढ्या खटाटोपातून माझ्या पदरात पडल्या दोन वाट्या आणि एक अर्धी. अर्धीचं पुढे सांगते.

नाव घालण्याआधी मी एकच चौकशी केली होती: चाक ज्याचं त्याला, की आळीपाळीने? तुम्हीही आधी हेच विचारा. दोघांत एक चाक असलं की निम्मा वेळ दुसऱ्याची फजिती बघण्यात जातो.

पहिल्या रविवारी चाकाला हातच लावू दिला नाही. दोन तास नुसती माती मळणं. मळून मळून गोळ्याला मेंढ्याच्या तोंडासारखा आकार आला की तारेने मधोमध कापायचा आणि आत भोकं दिसतात का बघायचं. माझ्यात दिसली. तिसऱ्यांदाही दिसली. मनगटं सोमवारी दुपारपर्यंत बोलत होती.

पुढचे दोन रविवार सेंटरिंगमध्ये गेले, म्हणजे फिरत्या चाकावर गोळा डगमग न करता मधोमध बसवणं. शिकवणाऱ्या बाई करतात तेव्हा पाच सेकंदांचं काम वाटतं. मी करायला गेले तर गोळाच मला हलवत होता. हा वर्ग मला आवडला तो इथे. बाई माझ्या मातीकडे बघतच नव्हत्या. मागे उभ्या राहून खांदे बघत होत्या. "कोपर मांडीत रोवा," म्हणाल्या, आणि थोड्या वेळाने, "अहो, श्वास घ्या की!" खरंच रोखून धरला होता. सोडला, आणि गोळा एकदम शांत झाला. वीस जणांच्या वर्गात हे कोणाच्या लक्षात आलं असतं?

मी डावखुरी. चाक उलटं फिरवायचं बटण होतं, ते वापरून पाहिलं. पण मग बाईंचे हात बघून काही उचलता येईना, म्हणून इतरांसारखंच शिकले. दोन्ही हातांना सारखंच काम असतं, त्यामुळे फार अडलं नाही.

आता अर्धी वाटी. पाचव्या रविवारी माझी पहिली वाटी सरळ उभी राहिली. मी फोटो काढणार तेवढ्यात बाईंनी विचारलं, "कापू?" आणि तारेने वरून खालपर्यंत दोन तुकडे. रागच आला. मग बघितलं: काठ पुठ्ठ्याएवढा पातळ आणि बुडाशी अंगठ्याएवढा थर. भिंत वर चढवली असं मला वाटत होतं, पण निम्मी माती खालीच बसून होती. तो अर्धा तुकडा मी हट्टाने भाजून घेतला.

भाजण्याबद्दलही चांगलं समजलं. पहिली भट्टी साधारण १००० अंश सेल्सिअसची, ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा लेप, लावल्यावरची १२०० च्या वर. आमची माती ओल्यापासून शेवटपर्यंत १२ टक्क्यांच्या आसपास आकसते, म्हणून माझा पेला हातात आला तो वाटी होऊन. एकाचं भांडं भट्टीत फुटलं. आम्ही सगळ्यांनी हवेच्या बुडबुड्याला दोष दिला. कारण निघालं जाड बुडात राहिलेला ओलावा: त्याची वाफ होते आणि तिला बाहेर पडायला वेळ मिळत नाही.

स्वच्छतेला पूर्ण गुण. कोरडा झाडू तिथे बंद, सगळं ओल्या फडक्याने पुसायचं, कारण मातीच्या धुळीतली सिलिका फुप्फुसांना वाईट.

तक्रार ग्लेझची. हा एवढा मोठा विषय शेवटच्या रविवारी तासाभरात उरकला. भांड्याच्या बुडाचं ग्लेझ ओल्या स्पंजने पुसून काढायचं असतं, नाहीतर ते वितळून भट्टीच्या फळीला चिकटतं. हे सांगितलं तोवर आमची निम्मी भांडी रांगेत लागली होती. माझ्या एका वाटीच्या बुडाचा टवका त्यातच गेला. शिवाय भट्टी भरल्याशिवाय पेटवत नाहीत, त्यामुळे भांडी हातात यायला आणखी पाच आठवडे. हे आधी सांगायला हवं होतं. आणि जाहिरातीतल्या त्या उंच फुलदाण्या काढून टाका. आमच्या सहांपैकी कोणीही वीतभर उंचीपर्यंतसुद्धा गेलं नाही.

पुढच्या सत्राला नाव घातलंय, झाकण बसवायला शिकायचंय. तुम्ही जाणार असाल तर दहा मिनिटं लवकर पोहोचा आणि खिडकीजवळचं चाक सोडून कुठलंही धरा. त्याचं पायाचं पेडल मध्येच अडकतं आणि चाक एकदम सुसाट सुटतं.