जैसलमेरची सांडा-फेरी: ५ पैकी ४

दुबईत ११ वर्षं काढल्यामुळे ढब, म्हणजे तिथला काटेरी शेपटीचा वाळवंटी सरडा, माझ्या ओळखीचा. चांगला हातभर लांब, शेपटीवर काट्यांची वळी. मार्चमध्ये जैसलमेरजवळ एका स्थानिक वाटाड्याबरोबर सांडा, म्हणजे आपल्याकडचा काटेरी शेपटीचा सरडा, बघायला गेले तेव्हा वाटलं, तोच प्राणी असेल, जरा लहान. बिळाच्या तोंडाशी ऊन खात बसलेला पहिला सांडा दिसला आणि मी "ढब!" म्हणालेच.

वाटाड्यांनी दुर्बीण माझ्या हातात दिली. "दीदी, पूँछ देखो." सांड्याच्या शेपटीवर काट्यांच्या दोन वळ्यांमध्ये साध्या, बिनकाट्याच्या खवल्यांच्या ओळी असतात. ढबच्या वळ्या एकमेकींना लागून. मग मांडीच्या पुढच्या बाजूचा काळा डाग दाखवला, सांड्याची पक्की खूण. २००९ मध्ये सांडा आणि त्याचे इराणकडचे दोन भाऊबंद ढबच्या 'युरोमॅस्टिक्स' या शास्त्रीय गटातून काढून 'सारा' या वेगळ्या गटात टाकले, हेही त्यांना तोंडपाठ होतं. ढब आणि सांडा दोघांनाही आज धोका आहे, पण जीव आपापल्या मुलखात जपायचे तर आधी ते वेगळे ओळखायला हवेत.

माझं माहेर सोलापूर. लहानपणी बाजारात सांड्याचं तेल विकणारा बसायचा, शेजारी पाठ मोडलेले जिवंत सांडे. पळू नयेत म्हणून पाठ मोडतात, हे मला या फेरीत कळलं. गुडघ्यांसाठी आजीनं घेतलेली ती बाटली आठवून पोटात कालवलं. ती साधी चरबी असते, औषध नव्हे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं या शिकारीला बंदी आहे, तरी बिळं खणली जातात. कालव्याचं पाणी आलं तिथं गवताळ माळ नांगराखाली गेला, ते वेगळंच.

माणशी १,५०० रुपये, सकाळी आठ ते अकरा. वेळ अचूक, कारण ऊन तापल्याशिवाय सांडा बाहेर येत नाही. एक गुण कापला तो गर्दीसाठी. आम्ही आठ जण होतो, पावलांच्या हादऱ्यानं निम्मे सांडे बिळात गेले. चौघांचीच फेरी मागा. पाणी आपलं न्या, सावली कुठंच नाही. एकानं बिळात काठी घालायला सांगितली, तेव्हा वाटाड्यानं फेरी तिथंच थांबवली आणि तो माफी मागेपर्यंत पुढं हलला नाही.

निघताना सगळ्यांच्या फोनमधलं लोकेशन बंद करून घेतलं. म्हणून गावाचं नाव मीही इथं लिहीत नाही.