पिवळं पाणी आणि साडेसोळा हजार

३२ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, त्यात विज्ञानही शिकवलं, आणि तरी फसले. घरात सगळे म्हणतात, कुणाला सांगू नकोस. पण तो पोरगा अजून याच भागात फिरतोय, म्हणून सांगते.

दुपारची वेळ. गळ्यात ओळखपत्र, हातात बॅग, तोंडात साखर. "काकू, पाण्याची मोफत तपासणी आहे." आमच्याच काचेच्या पेल्यात त्यानं नळाचं पाणी घेतलं आणि एका छोट्या बाटलीतले चार-पाच थेंब टाकले. पाणी पिवळंजर्द! मग त्याच्याजवळचं फिल्टरचं पाणी दुसऱ्या पेल्यात ओतून तेच थेंब टाकले. रंगाचा पत्ता नाही. "हे विष तुम्ही नातवंडांना पाजताय, काकू."

माझा चेहरा उतरलेला बघून त्यानं बॅगेतून सळयांचं यंत्र काढलं. दोन सळया एका पेल्यात, दोन दुसऱ्यात, पिन सॉकेटमध्ये. दोनेक मिनिटांत नळाच्या पाण्यात तपकिरी गाळ आणि वर घाणेरडी साय. त्याचं पाणी मात्र जवळपास स्वच्छ. "हे जड धातू, हे जंतू," तो बोटानं दाखवत होता. आमचे हे म्हणाले, उद्या बघू. पण सवलत फक्त आजच्यापुरती होती ना! सहा हजार रोख दिले, बाकीचे साडेदहा हजार मोबाइलवरून. संध्याकाळी फिल्टर भिंतीवर.

चौथ्या दिवशी ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक, म्हणजे गावच्या पाण्यावर लक्ष ठेवणारा माणूस, आला. आमचं घर पाइपलाइनच्या अगदी शेवटाला, त्यामुळे ओटी टेस्टला, म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे का ते बघायला, तो नेहमी आमच्याकडचंच पाणी घेतो. मी कौतुकानं फिल्टरचं पाणी दिलं. त्यानं नळीत थेंब टाकले, हलवलं, उजेडात धरलं आणि त्याचा चेहराच पडला.

"बाई, ओटी निगेटिव्ह! टाकीत टीसीएल पडलंच नाही की काय?" टीसीएल म्हणजे टाकीत टाकायची क्लोरीनची पावडर.

तो फोन काढून पाणी सोडणाऱ्याला झापायला लागला, तेव्हा मी हळूच म्हटलं, ते फिल्टरचं होतं. मग नळाचं घेतलं. पिवळं झालं, आणि त्याचा जीव भांड्यात पडला. माझा मात्र वर आला.

म्हणजे त्या मुलानं थेंब टाकून केलेली तपासणी खरी होती. खोटा होता तो तिचा अर्थ. ते थेंब ऑर्थोटोलिडिनचे. पाण्यात क्लोरीन शिल्लक असला की ते पिवळे होतात, आणि रंग जितका गडद तितका क्लोरीन जास्त. जलसुरक्षकाच्या डबीत रंगाच्या पट्ट्या असतात, त्यांच्याशी ताडून बघायचं. शेवटच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायलाच हवा, कारण वाटेत पाइप फुटून घाण शिरली तर तोच जंतू मारतो. फिल्टरमधला कार्बन हा क्लोरीन शोषून घेतो, म्हणून तिथे रंग आला नाही. शाळेच्या टाकीवर हीच टेस्ट मी कितीदा पाहिली होती! फक्त तिथे पिवळा रंग आला की आम्ही खूश व्हायचो. शिवाय हे रसायन पोटात जाऊ नये असं, आणि त्या शहाण्यानं ते आमच्या प्यायच्या पेल्यात ओतून नुसतं विसळून परत दिलं. तो पेला मी फेकला.

सळयांचा उलगडा भाच्यानं केला. तो रसायनशास्त्र शिकवतो. त्यातली एक सळई लोखंडाची. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि लोखंड झिजून गाळ होतो, म्हणजे ती घाण सळईची, पाण्याची नव्हे. त्याचं पाणी आरओ फिल्टरचं, त्यात क्षार जवळजवळ नसतात, त्यामुळे वीज जवळजवळ वाहतच नाही. "मामी, त्याच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकायचं होतं. तेही तसंच झालं असतं." आणि जंतूंचं म्हणाल, तर जंतू असले की पाणी काळं पडतं अशी जी बाटली गावात तपासणीला वापरतात, तिच्यात पाणी एक-दोन दिवस ठेवावं लागतं. दोन मिनिटांत कुणी जंतू दाखवत नाही.

पावतीवरचा नंबर बंद. पत्ता लिहिलाय तो एका झेरॉक्सच्या दुकानाचा. तसाच फिल्टर तालुक्याच्या बाजारात सात हजारांना मिळतो. पोलिसांत अर्ज दिलाय, पण तिथला हवालदार म्हणाला, "वस्तू तर मिळालीय ना बाई तुम्हाला?" त्यावर काय बोलणार? आपल्या नळाच्या पाण्याची शंका असेल तर ग्रामपंचायतीत विचारा. तपासणीचं किट तिथे असतं आणि गावातल्या काही बायकांना ते वापरायचं शिकवलेलंही असतं. आमच्या गल्लीतलीच एक आहे, हे मला पैसे गेल्यावर कळलं.

परवा वरच्या आळीत तोच आवाज ऐकू आला, "काकू, मोफत तपासणी." मी मिठाची पुडी घेऊन गेले. मला बघताच त्यानं पिन काढली, सळया ओल्याच बॅगेत कोंबल्या आणि मोटरसायकलला किक मारली. चार-पाच थेंबांची ती बाटली मात्र ओट्यावरच राहिली. ती मी जलसुरक्षकाला दिली.