कुत्र्याचं पिल्लू जाहिरातीतून घ्यावं की प्राण्यांच्या निवाऱ्यातून?

ऑनलाइन जाहिरातीतलं पिल्लू गोंडस दिसतं, पण फोटो त्याच पिल्लाचा असेल याची खात्री नसते. आधी आगाऊ रक्कम, मग वाहतूक खर्च, मग विमा असं करत पैसे उकळले जातात आणि पिल्लू येतच नाही. आलं तरी धोका टळत नाही. निदान 8 आठवडे आईजवळ राहायला हवं असलेलं पिल्लू कित्येकदा त्याआधीच तोडलेलं असतं. पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराची लागण झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण 3 ते 7 दिवस लागतात, त्यामुळे विकताना ते धडधाकट वाटतं. मला हे सगळ्यात क्रूर वाटतं, कारण तोवर घरातल्यांचा जीव त्याच्यात गुंतलेला असतो.

चांगल्या निवाऱ्यात प्राणी प्रत्यक्ष भेटतो, लसीकरणाची नोंद मिळते, त्याचा स्वभाव ओळखणारी माणसं असतात. हवी ती जात किंवा वय मात्र मिळेलच असं नाही.

जाहिरातीतूनच घ्यायचं असेल तर पिल्लू जिथे वाढतंय तिथे जाऊन, आईसोबत पाहा. त्याआधी एक पैसाही देऊ नका. आणि स्वतःचा प्राणी द्यायचा असेल तर ‘फुकट’ लिहू नका. अशा जाहिरातींवर पुन्हा विकणाऱ्यांचा डोळा असतो.