पॉयसन की क्रमवार? एका यादीतून अनेक नमुने

कंपन्यांच्या एकाच यादीतून अनेक सर्वेक्षणांचे नमुने काढायचे, तर प्रत्येकीला 0 ते 1 मधला कायमचा रँडम क्रमांक देतात. पॉयसन निवडीत हा क्रमांक निवडीच्या संभाव्यतेपेक्षा कमी असला की कंपनी आत. क्रमांक 0.18, संभाव्यता एकीकडे 0.30, दुसरीकडे 0.20: दोन्ही नमुन्यांत आली. आराखडे कितीही वेगळे असोत, सामाईक कंपन्या जास्तीत जास्त मिळतात. पण नमुन्याचा आकार आधी कळत नाही. छोट्या स्तरांत (म्हणजे यादीच्या छोट्या गटांत) हे फार नडतं.

क्रमवार निवडीत क्रमांकानुसार रांग लावून पहिल्या ठरावीक कंपन्या घ्यायच्या. आकार पक्का. स्वीडनच्या सांख्यिकी कार्यालयाची ‘सामू’ ही नमुने जुळवणारी प्रणाली याच जातकुळीतली. त्याच कंपनीच्या माथी पुन्हा फॉर्म नको? दुसऱ्या सर्वेक्षणासाठी रांगेतली मोजणी 0.5 पासून सुरू करा. स्तररचना जुळली नाही तर सामाईकपणा थोडा घटतो. माझ्या मते तेवढं चालतं.