माळ्यावरचं मॉडेलचं टेबल: एक पावसाळा काढल्यावर

प्लॅस्टिकच्या विमानांची छोटी मॉडेलं जोडायला आणि रंगवायला हे टेबल मांडून दहा महिने झाले. कोल्हापूरचा अख्खा पावसाळा त्यावर गेला, म्हणून आता लिहितोय. मे महिन्यात लिहिलं असतं तर सगळ्याला पैकीच्या पैकी मार्क दिले असते.

कटिंग मॅट, सुटे भाग कापायचा निपर, ४०० ते २००० नंबरचा पॉलिश पेपर, यांत काही तक्रार नाही. चिमटे आणि बारीक कानशी मात्र ऑनलाइन मागवू नका. गुजरीच्या बाजूला सोनारकामाची हत्यारं मिळतात, ती हातात धरून घेता येतात. माझा चिमटा अजून केस उचलतो.

पैसे बुडाले ते कॉम्प्रेसरमध्ये, म्हणजे एअरब्रशला (रंग फवारायच्या पेनाला) हवा पुरवणाऱ्या पंपात. पहिला बिनटाकीचा घेतला, स्वस्त म्हणून. पिस्टनच्या ठोक्यागणिक हवा धडधडत यायची आणि ०.३ मिमी नोझलनं बारीक रेघ मारली की तिला गाठी पडायच्या. मग तीन लिटर टाकीचा आणला. टाकीतला दाब चार बार झाला की हा आपोआप बंद होतो, मी १५ ते २० पीएसआय दाबावर फवारतो. खाली आईची सीरियल चालू असते, तिला आवाजाचा त्रास नाही. एअरब्रशच्या नळीचे आटे १/८ इंची, कॉम्प्रेसरचे १/४, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. उद्यमनगरात एका लेथवाल्याकडे गेलो.

"कशाला लागतंय हे?"

"विमान रंगवायला."

"कुठाय विमान?"

मी खिशातून काढून दाखवलं. १:७२ चं, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाचं मिग-२१ लढाऊ विमान, पंखांची रुंदी दहा सेंटिमीटरसुद्धा नाही. त्यानं पितळेचा अडॅप्टर करून दिला, पण पैसे सांगताना हसू काही आवरलं नाही.

२६ सप्टेंबर २०२५ ला हवाईदलानं मिग-२१ निवृत्त केलं, त्याच आठवड्यात हा किट मागवला होता. चकचकीत धातूचा रंग हवा म्हणून जुलैत खाली काळा ग्लॉस लॅकर (थिनरमध्ये पातळ करायचा चकचकीत रंग) मारला. पाच मिनिटांत डाव्या पंखावर राख सांडल्यासारखा पांढुरका थर. थिनर झपाट्यानं उडतो, पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतला ओलावा ओल्या रंगावर बसतो. वर नळीतून पाण्याचे दोन थेंब उडाले ते वेगळेच. हवेतलं पाणी अडवणारा वॉटर ट्रॅप कॉम्प्रेसरला चिकटूनच लावला होता; तिथं हवा गरम असते, पाणी वाफेतच राहतं आणि पुढं नळीत गार होऊन सुटतं. आता मध्ये तीन मीटर नळी टाकून ट्रॅप एअरब्रशच्या जवळ आणलाय, थेंब थांबले. पांढरेपणावर उपाय एकच, झड लागली की लॅकरची बाटली उघडायची नाही.

अडलंय ते एक्झॉस्टचं, म्हणजे रंगाची वाफ बाहेर काढायचं. स्वयंपाकघरातला नऊ इंची फॅन बसवलाय, पण त्याची मोटर थेट वाफेच्या वाटेत येते आणि थिनरची वाफ पेट घेते. म्हणून लॅकर मारताना तो बंद, खिडकी उघडी, तोंडाला कार्बनचा मास्क. मोटर बाहेर राहील असा ब्लोअर तोच लेथवाला करून देणार आहे. दसऱ्यानंतर, म्हणाला. कुठल्या दसऱ्यानंतर, ते मी विचारलेलं नाही.