पाच-इन-वन रिफ्लेक्टर: थडग्यांवर सात महिने वापरल्यानंतर

रिफ्लेक्टर म्हणजे फोटो काढताना ऊन हव्या त्या जागी वळवायचं घडीचं कापड, चंदेरी, काळी अशा पाच बाजूंचं. बाकी थेट मुद्द्यावर येतो. चंदेरी बाजूने माझ्याकडून एक साल चुकवलं.

आम्ही चौघं दर रविवारी भुसावळच्या जुन्या ख्रिस्ती दफनभूमीत थडग्यांचे फोटो काढून फाइंड अ ग्रेव्ह या थडग्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या वेबसाइटवर चढवतो. 1870 साली मुंबईहून थेट कलकत्त्यापर्यंत रेल्वे सुरू झाली, तो मार्ग भुसावळवरूनच. त्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेतल्या माणसांची पतवंडं आज परदेशातून विचारतात, आमचा माणूस तुमच्याकडे आहे का?

बऱ्याच शिळांची तोंडं पूर्वेला. दुपारनंतर अक्षरं सावलीत जातात, म्हणून न्हाव्याकडे असतो तसला आरसा वापरायचो, 180 रुपयांचा. तो दगडावर पडून फुटला आणि 1,150 मोजून हा घेतला. पहिले दोन महिने जाम खूश होतो. हलका, न फुटणारा. एका तान्ह्या बाळाच्या शिळेवर मी 1878 वाचलं आणि तसंच नोंदवलं. त्या बाळाच्या कुटुंबातल्या एका पणतीने त्या सालची दफन-नोंद शोधली, सापडेना. शेवटी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या मुंबई इलाख्याच्या नोंदींत बाळ मिळालं, 1873 मध्ये. तिचे चार महिने माझ्यामुळे गेले, हे मला अजून लागतं.

दुसऱ्याच रविवारी नवा आरसा घेऊन गेलो. बाजूने, जवळजवळ शिळेला घासून ऊन सोडलं. आठाची डावी बाजू म्हणजे दगडाचा टवका निघाला, तीन मात्र कोरलेला, काठ स्वच्छ. रिफ्लेक्टरचा उजेड मऊ पसरतो, त्यात टवका आणि कोरीव अक्षर सारखंच दिसतं. माणसाच्या चेहऱ्याला चांगलं, झिजलेल्या दगडाला नाही.

चंदेरी कापडाला घड्या पडल्या म्हणून परत द्यायला गेलो, तर विक्रेत्याने "वापरलेला माल" म्हणून हात वर केले. तेव्हा एक तारा द्यायचं ठरवलं होतं.

पण मे महिन्यात राखणदार म्हणाले, "भाऊ, उन्हात काय करून राहिले? सावली तरी धरा." काळी बाजू शिळेवर धरली, वरचं ऊन अडलं, आणि आरशाची तिरपी तिरीप एकटी उरली. आधी कोरी वाटणारी एक ओळ उठून दिसली. शिशाची अक्षरं गळालेल्या शिळांवर तर अक्षरं बसवायच्या नुसत्या भोकांवरून नाव लागतं.

म्हणून तीन तारे, तेही काळ्या बाजूला. खडू किंवा शेव्हिंग फोम मात्र कुणी लावू नका, दगड खराब होतो. साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरतो. आणि आरसा धरायला दुसरा माणूस न्या.